कस, कसोटी आणि इम्तिहान



कुंभाराकडून मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो. आवाज खणखणीत आला तर घेतो, बद्द आला तर बाजूला ठेवतो. आंबा देठापाशी हुंगतो. कलिंगडावर टिचकी मारतो. तांदूळ घ्यायचा असेल तर चार दाणे तोंडात टाकून चावून पाहतो. चुलीवरचा भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी घरातील बाई सगळे पातेले उपसत नाही. ती एक शीत बोटांत धरून चेपते आणि निकाल देते. सकाळपासून रात्रीपर्यंत आपण अशा किती परीक्षा घेतो याचा हिशेब कोणी ठेवत नाही. परंतु परीक्षा हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर शाळेतील बाके, शिक्का मारलेली उत्तरपत्रिका आणि निकालाचा दिवसच उभा राहतो. वास्तविक शाळेची परीक्षा ही या फार मोठ्या कुटुंबातील सर्वांत धाकटी मुलगी आहे. तिच्या थोरल्या बहिणींची ओळख करून घेतल्याशिवाय तिचा स्वभाव कळणार नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम दोन शब्दांकडे आपले लक्ष वेधतो. 'परीक्षा' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ सर्व बाजूंनी पाहणे असा आहे. आपला 'पारख' हा शब्दही त्याच घरातला. 'इम्तिहान' हा शब्द अरबी आहे, आणि ज्या धातूपासून तो झाला त्याच धातूपासून 'मेहनत' हा शब्दही झाला. सर्व बाजूंनी पाहणे आणि मेहनत! या दोन अर्थांचा धागा हाती धरून इतिहासाची पाने चाळली असता परीक्षा कशी असावी व कशी नसावी, याचे उत्तर आपोआप मिळू लागते.

नाण्याची पारख

जुन्या काळी प्रत्येक व्यवहार परीक्षेनेच सुरू होत असे, कारण हातात येणारे नाणे खरे की खोटे हे आधी ठरवावे लागे. आपल्या गावगाड्यात त्यासाठी स्वतंत्र माणूस असे. त्याला पोतदार म्हणत. सरकारी वसुलात आलेले नाणे पारखणे हे त्याचे काम. आज हे केवळ आडनाव उरले आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत महाराष्ट्रात अंकुशी, चांदवडी, हैदराबादचा हाली सिक्का अशी नाना टांकसाळींची नाणी एकाच बाजारात फिरत. कोणाचे वजन कमी, कोणाची चांदी हलकी, कोणाचे नाणे झिजलेले. पारखी जितकी तूट ठरवील तितकी रक्कम कापली जाई. या कापलेल्या रकमेला बट्टा म्हणत. नावाला बट्टा लागला असे आपण म्हणतो ते त्या पेढीवरूनच आले. पुढे १८३५ साली कंपनी सरकारने एकाच वजनाचा आणि एकाच कसाचा रुपया सर्वत्र चालू केला आणि बट्ट्याचा धंदा हळूहळू बसला.

सोन्याची परीक्षा काळ्या गुळगुळीत दगडावर होते. सोने दगडावर घासले की पिवळी रेघ उमटते. शेजारी माहीत असलेल्या सोन्याची रेघ ओढायची आणि दोन्ही रेघांचा रंग ताडून पाहायचा. दगड म्हणजे कसोटी आणि रेघेवरून कळतो तो कस. अकबर बादशहाच्या टांकसाळीत हे काम किती बारकाईने चाले याचे वर्णन अबुल फजल याने 'आईने अकबरी'त केले आहे. शुद्धतेच्या पायऱ्या ठरवून त्याप्रमाणे चढत्या उतरत्या कसाचे नमुने तयार ठेवलेले असत व नव्या सोन्याची रेघ या नमुन्यांच्या रेघांशी जुळवून पाहत. या पद्धतीला बनवारी असे नाव होते. हिंदुस्थानात शुद्ध सोन्याला बारा अंशांचे, तर इराणात दहा अंशांचे मानीत, हेही त्याने नमूद केले आहे. सोने तेच; मोजपट्टी निराळी. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

आणखी एक शब्द पाहा. रोख पैशाला आपण नगद म्हणतो. हा शब्द अरबी 'नक्द' यापासून आला असून त्याच्या अर्थांपैकी एक अर्थ खऱ्या खोट्या नाण्यांची निवड करणे हा आहे. पुढे विद्वानांनी हाच शब्द ग्रंथांच्या परीक्षणासाठी वापरला. सराफाच्या पेढीवरचा शब्द मदरशात जाऊन बसला, यातच परीक्षेच्या इतिहासाचे मर्म आहे. आधी माणसाने वस्तू पारखली, मग शब्द पारखला आणि शेवटी माणूस पारखायला घेतला.

बाजारातील परीक्षा

इस्लामने बाजारातील प्रामाणिकपणाला किती महत्त्व दिले आहे हे वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. कुरआन शरीफमधील ८३ व्या सूरेचे नावच मापात मारणाऱ्यांवरून पडले आहे. हदीसमध्ये आलेला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. हजरत पैगंबर (स.) मदिनेच्या बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, बोटांना आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा त्यांनी विचारले की, भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना ते दिसले असते. आणि फसविणारा आपल्यातला नव्हे, असेही बजावले. परीक्षा करणाऱ्याने वरवर पाहून भागत नाही, हात ढिगाच्या आत घालावा लागतो, हा धडा त्यात आहे. शितावरून भाताची परीक्षा होते खरी. पण पातेले नीट ढवळलेले असेल तरच.

हजरत उमर (र.) यांनी शिफा बिन्ते अब्दुल्ला या बाईंकडे मदिनेच्या बाजाराची काही देखरेख सोपविली होती, असे जुने चरित्रकार सांगतात. त्या काळी लिहिता वाचता येणाऱ्या मोजक्या व्यक्तींपैकी त्या एक होत्या, आणि उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (र.) यांना त्यांनी लिहिणे शिकविले होते. मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात त्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

पुढे मोठमोठ्या शहरांत या कामासाठी मुहतसिब नावाचा अधिकारी नेमला जाऊ लागला. त्याच्या मार्गदर्शनासाठी लिहिलेले ग्रंथ आजही उपलब्ध आहेत. बाराव्या शतकात सीरियातील शैजरी याने आणि चौदाव्या शतकात मिसरमधील इब्नुल उखुव्वा याने असे ग्रंथ लिहिले. वजने, मापे, भाकरी, औषधी, दूध, कापड यांतील लबाडी कशी ओळखावी याच्या युक्त्या त्यांत आहेत. दुधात पाणी आहे का हे पाहण्यासाठी त्यात केस बुडवून काढावा, केसाला दूध चिकटले नाही तर पाणी घातले आहे असे समजावे, ही त्यांतलीच एक. आजचे दुग्धमापक यंत्र हातात धरणारा निरीक्षक त्या मुहतसिबाचाच वारस म्हटला पाहिजे.

परंतु वजनच खोटे असेल तर? परीक्षा करणाऱ्या वस्तूचीही परीक्षा हवी. उमय्या खलिफा अब्दुल मलिक याने हिजरी ७७ म्हणजे इ. स. ६९६-९७ च्या सुमारास नाण्यांची सुधारणा करून सुमारे सव्वाचार ग्रॅम वजनाचा सोन्याचा दीनार पाडला. ही नाणी ताडून पाहण्यासाठी मिसरमध्ये आठव्या शतकापासून काचेची वजने वापरात होती. काचच का? लोखंड, पितळ गुपचूप घासून हलके करता येते. काचेचा टवका उडाला तर तो लगेच दिसतो. मापाने आपली स्वतःची खोट लपवू नये, ही त्यामागची योजना. अशी शेकडो वजने आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत.

या विद्येचा कळस म्हणजे अल् खाजिनी याचा 'मीजानुल हिकमत' हा ग्रंथ. मर्व येथे सुलतान संजरच्या काळात, हिजरी ५१५ म्हणजे इ. स. ११२१-२२ मध्ये तो लिहिला गेला. वस्तू हवेत आणि पाण्यात तोलून सोन्यात चांदी मिसळली आहे का, हिरा खरा की काच, हे वस्तू न फोडता व न वितळविता ओळखणारा तराजू त्यात वर्णिलेला आहे. त्याच्या आधी अल् बेरूनीने धातूंची विशिष्ट गुरुत्वे काढून ठेवली होती, त्यांचा त्याने उपयोग केला. हा खाजिनी मूळचा रूमी वंशाचा गुलाम. त्याच्या मालकाने त्याला गणित व तत्त्वज्ञान यांचे उत्तम शिक्षण दिले. बाजारातून विकत घेतलेल्या या मुलाची किंमत त्या दिवशीच्या मोलावरूनच ठरविली गेली असती तर जग या तराजूला मुकले असते.

शब्दांची परीक्षा आणि एक चुकलेला इम्तिहान

हदीसच्या विद्वानांनी परीक्षेला वेगळीच उंची दिली. ऐकलेली गोष्ट खरी कशी मानावी? सांगणारा कोण, त्याने कोणाकडून ऐकली, ते दोघे एकमेकांस भेटले असणे शक्य आहे का, सांगणाऱ्याची स्मरणशक्ती आणि चालचलणूक कशी, अशी साखळीतील प्रत्येक कडी वाजवून पाहिली जाई. इमाम बुखारी (मृत्यू इ. स. ८७०) बगदादला आले तेव्हा तेथील विद्वानांनी त्यांचीच परीक्षा घेतल्याची कथा प्रसिद्ध आहे. शंभर हदीस घेऊन त्यांच्या साखळ्यांची मुद्दाम अदलाबदल केली आणि दहा माणसांनी प्रत्येकी दहा वाचून दाखविल्या. प्रत्येक वेळी इमामसाहेबांनी आपल्याला ती माहीत नाही एवढेच सांगितले. अजाण श्रोत्यांना वाटले, झाले, हे हरले. सर्वांचे वाचून झाल्यावर त्यांनी पहिल्यापासून क्रमाने चुकीची साखळी कोणती आणि खरी कोणती हे शंभरही वेळा सांगितले. ज्याला आपण उत्तर न येणे समजतो ते कधी कधी उत्तर येण्याचेच लक्षण असते, हे या कथेतील तात्पर्य आम्हा शिक्षकांनी विशेष करून घ्यावे.

पण याच बगदादमध्ये परीक्षेचा दुरुपयोगही झाला. इ. स. ८३३ मध्ये खलिफा मामून याने काजी व विद्वानांची एक परीक्षा सुरू केली. इतिहासात तिला 'मिहना' म्हणतात. हाही इम्तिहानच्याच घरातला शब्द. कुरआन हा निर्माण केलेला आहे, हे राज्याला हवे असलेले मत मान्य आहे का, एवढाच प्रश्न होता, आणि उत्तरही आधीच ठरलेले होते. इमाम अहमद बिन हंबल यांनी ते उत्तर देण्याचे नाकारले. त्यांना कैद झाली, पुढील खलिफा मुअ्तसिम याच्या काळात फटके बसले. मुतवक्किलच्या कारकिर्दीत ही परीक्षा बंद झाली. मामून हा विद्येचा चाहता होता, त्याच्या काळात ग्रीक ग्रंथांची भाषांतरे झाली, हे खरे. तरीही त्याच्या या परीक्षेला कोणी चांगले म्हणत नाही. माणसाकडे काय आहे हे शोधण्याऐवजी त्याला वाकविण्यासाठी जी घेतली जाते ती परीक्षा नव्हे, शिक्षा होय.

आठशे साठ हकिमांची परीक्षा

आता वाचकांना पुन्हा बगदादलाच, पण शंभर वर्षे पुढे घेऊन जातो. हिजरी ३१९, म्हणजे इ. स. ९३१. खलिफा मुक्तदिर याच्या कानावर आले की एका हकिमाच्या चुकीमुळे एक रोगी दगावला. खलिफाने मुहतसिबास हुकूम दिला की, सिनान बिन साबित याने परीक्षा घेऊन परवाना दिल्याशिवाय कोणीही वैद्यकी करू नये. नामांकित व दरबारी वैद्य वगळूनही शहरातील आठशे साठांहून अधिक माणसे परीक्षेसाठी पुढे आली. ज्याला जेवढे येते तेवढ्याचीच परवानगी त्याला मिळाली.

या परीक्षेतील एक प्रसंग जुन्या चरित्रग्रंथांत आला आहे. एके दिवशी भारदस्त चेहऱ्याचे, उत्तम पोशाख केलेले एक वृद्ध गृहस्थ सिनानसमोर आले. सिनानने त्यांना आदराने जवळ बसविले. इतर लोक गेल्यावर, आपणाकडून काही ऐकावे, आपले गुरू कोण, असे त्याने नम्रपणे विचारले. वृद्धाने अस्तनीतून दीनारांची पुरचुंडी काढून पुढे ठेवली आणि कबुली दिली की, आपल्याला लिहिता वाचता नीटसे येत नाही. पण घरात खाणारी तोंडे आहेत, हा पोटाचा धंदा तोडू नये. सिनान हसला. ठीक आहे, पण जे कळत नाही त्या रोगाला हात लावायचा नाही, साध्या दुखण्याशिवाय रक्त काढायचे नाही की रेचक द्यायचे नाही, अशी अट त्याने घातली. वृद्ध म्हणाले की, आपला जन्मभराचा शिरस्ता तोच आहे. मध सिरक्याच्या आणि गुलाबाच्या सरबतापलीकडे आपण कधी गेलोच नाही. दुसऱ्या दिवशी एक देखणा तरुण आला. कोणाजवळ शिकलास? वडिलांजवळ. वडील कोण? काल आपल्याकडे येऊन गेले ते. सिनानने विचारले की, तूही त्यांच्याच पद्धतीने चालतोस ना? तरुण होय म्हणाला. मग त्यापुढे जाऊ नकोस, असे सांगून सिनानने त्यालाही जाऊ दिले.

वाचकांपैकी काहींना ही ढिलाई वाटेल. मला तसे वाटत नाही. सिनानपुढे दोन गोष्टी होत्या. एकीकडे रोग्याचा जीव आणि दुसरीकडे एका कुटुंबाची भाकरी. त्याने दोन्ही वाचविले. त्याने वृद्धाला पास किंवा नापास असे लिहिले नाही. तुमची हद्द येथपर्यंत, असे लिहिले. परीक्षा ही कुंपण घालण्यासाठी असते, माणसाला गावाबाहेर हाकलण्यासाठी नव्हे.

पुढील काळात ही परीक्षा अधिक काटेकोर झाली. वर उल्लेखिलेल्या मुहतसिबांच्या ग्रंथांत म्हटले आहे की डोळ्यांच्या वैद्याची परीक्षा हुनैन बिन इसहाक याच्या नेत्रविषयक दहा प्रकरणांवर घ्यावी, आणि हाडवैद्यास शरीरातील हाडांची संख्या व आकार माहीत असावेत. ती संख्या त्यांत २४८ दिली आहे. आज आपण प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे मोजतो. म्हणजे त्या काळी २०६ असे उत्तर देणारा हाडवैद्य नापास झाला असता! परीक्षकाचे ज्ञानही आपल्या काळापुरतेच असते, याचा विसर पडू नये.

सनद आणि आसन क्रमांक

जुन्या मदरशांत आजच्यासारखी सर्वांची एकदम परीक्षा नसे. विद्यार्थी गुरूसमोर ग्रंथ वाची, अर्थ सांगे, प्रश्नांची उत्तरे देई. गुरूची खात्री पटली की तो ग्रंथ शिकविण्याची इजाजत लिहून मिळे. त्या कागदावर गुरूचे नाव असे. शिष्य कच्चा निघाला तर बट्टा गुरूच्या नावाला लागे. ही या पद्धतीची खूबी. तिचा दोष असा की गुरूपर्यंत पोहोचू न शकणाऱ्याला दारच बंद.

अनोळखी माणसाला दार उघडणारी परीक्षा चीनने दिली. सातव्या शतकाच्या आरंभापासून १९०५ पर्यंत, मधले काही खंड सोडता, तेथील सरकारी नोकऱ्या लेखी परीक्षेने भरल्या जात. सुंग राजवटीत उमेदवाराचे नाव झाकून ठेवीत, आणि अक्षरावरूनही कोणी ओळखू नये म्हणून कारकुनांकडून सर्व उत्तरपत्रिकांची नक्कल करवून ती नक्कल परीक्षकाला देत. आपल्या उत्तरपत्रिकेवरील आसन क्रमांकाचे हे पूर्वज. इंग्रजांनी १८५५ मध्ये हिंदुस्थानातील मुलकी नोकऱ्यांसाठी स्पर्धा परीक्षा सुरू केली तेव्हा चीनचे उदाहरण त्यांच्यासमोर होतेच. तत्त्व उत्तम, परंतु परीक्षेचे केंद्र लंडनला. समुद्र ओलांडण्याचा खर्च आणि सक्ती ही पहिली प्रश्नपत्रिका होती, ती कोठे छापलेली नव्हती एवढेच. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ मध्ये उत्तीर्ण होणारे पहिले भारतीय ठरले व पुढे त्यांची बहुतेक नोकरी मुंबई इलाख्यात झाली. १८७८ पासून वयाची मर्यादा १९ वर खाली आणण्यात आली, त्यामुळे भारतीय तरुणांना ही वाट आणखीच अरुंद झाली. ही परीक्षा हिंदुस्थानातही होऊ लागली ती १९२२ मध्ये.

१८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे निघाली. मुंबईची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली, तीत उत्तीर्ण होणाऱ्यांत महादेव गोविंद रानडे होते. कलकत्त्याची हकीकत अधिक बोलकी आहे. १८५८ मध्ये तेथे बी. ए. ची पहिली परीक्षा झाली. सहा विषयांपैकी पाचांत चांगले गुण मिळवूनही सहाव्या विषयात दोन विद्यार्थी थोडक्यात कमी पडले. विद्यापीठाने कमी पडलेले, सातांपेक्षा जास्त नसलेले गुण मेहेरबानी म्हणून माफ केले आणि दोघांना पदवी दिली. त्यांतील एक जदुनाथ बोस, आणि दुसरे बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. कृपागुणांना हसणाऱ्यांनी हे दुसरे नाव पुन्हा एकदा वाचावे.

आपल्या समाजाची या नव्या परीक्षांशी ओळख उशिरा झाली. बद्रुद्दीन तय्यबजी शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. डोळे अधू झाल्याने १८६४ मध्ये त्यांना अर्ध्यातून परतावे लागले. ते पुन्हा गेले, १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले आणि मुंबईचे पहिले भारतीय बॅरिस्टर ठरले. अर्ध्यातून परतावे लागण्याचा अनुभव घेतलेल्या या गृहस्थांनी सहकाऱ्यांसह १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-इ-इस्लाम ही संस्था स्थापन केली. आपल्यासारख्या कितीतरी शिक्षणसंस्थांना त्या उदाहरणाने वाट दाखविली. शिक्षणसंस्था म्हणजे तरी काय? परीक्षेच्या दारापर्यंत मुलाला हात धरून नेण्याची सोय.

मोजपट्टी कोणाची?

ज्या १९०५ साली चीनने आपली परीक्षा बंद केली त्याच वर्षी पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमों यांनी बुद्धी मोजण्याची कसोटी प्रसिद्ध केली. तिचा हेतू नेक होता. वर्गात मागे पडणाऱ्या कोणत्या मुलांना जादा मदतीची गरज आहे ते शोधावे आणि ती मदत द्यावी. बुद्धी ही कायमची ठरलेली वस्तू आहे असे मानण्याला बिने यांचा विरोध होता. पुढे हीच कल्पना अमेरिकेत गेली. १९१७ पासून पहिल्या महायुद्धात तेथे सतरा लाखांहून अधिक सैनिकांची बुद्धी मोजली गेली. अनेक प्रश्न अमेरिकेतील खेळांवर, विक्रीच्या मालावर बेतलेले होते. परदेशांतून नुकतेच आलेले लोक त्यांत मागे पडले, तर त्यांचे वंशच मंद आहेत असा निष्कर्ष काढण्यात आला. मदतीसाठी घडविलेली कसोटी शिक्का मारण्यासाठी वापरली गेली. बारा अंशांचे सोने दहा अंशांच्या पट्टीवर ठेवून खोटे ठरविण्यासारखाच हा प्रकार होता.

वाचकहो, हा दोष परक्यांचा म्हणून सोडून देता येत नाही. मी स्वतः तो केला आहे. नववीच्या वर्गात माझ्याकडे एक मुलगा होता. घरी दखनी बोलणारा, वडिलांची फळांची गाडी. व्याजाच्या उदाहरणांत त्याला नेहमी शून्य. मी लाल शाईने शून्य काढीत गेलो. तो नापास झाला आणि त्याने शाळा सोडली. काही वर्षांनी बाजारात त्याच्याच गाडीवर आंबे घेत असताना तो एका माणसाशी उसनवारीचा हिशेब करीत होता. मुद्दल किती, शेकडा दर काय, किती महिन्यांचे व्याज, एकूण देणे किती, हे सर्व त्याने तोंडी आणि अचूक सांगितले. मी विचारले, "अरे, मग परीक्षेत हेच का येत नव्हते?" तो ओशाळून हसला. "सर, पुस्तकात 'रास काढा' असं लिहिलेलं असायचं. रास म्हणजे आमच्याकडे ढीग. पैशांचा ढीग कसला काढायचा, ते मला कधी कळलंच नाही."

मुद्दल आणि व्याज मिळून होणाऱ्या रकमेला पाठ्यपुस्तकात रास म्हणतात, हे सांगण्यास मला एक मिनिट पुरले असते. मी गणिताची परीक्षा घेत होतो अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात एका शब्दाची घेत होतो. ढिगाच्या आत हात घालण्याचे मला सुचले नाही. त्याच्या वहीवरील ते शून्य खरे पाहता माझे होते. त्याने मला आंबे दिले आणि पैसे कमी घेतले, ते मला आजही टोचते.

तेव्हापासून मी एक नियम केला आहे आणि तो आमच्या शिक्षक बंधुभगिनींपुढे नम्रपणे ठेवतो. उत्तर चुकले की प्रथम मुलाला प्रश्न स्वतःच्या शब्दांत सांगायला लावायचा. तो सांगता आला नाही तर चूक भाषेची, सांगता आला व उत्तर चुकले तर चूक विषयाची. दोन्हींचे औषध वेगळे. सिनानने साधे दुखणे व अवघड दुखणे वेगळे केले होते, तेवढे तर आपल्यालाही करता येईल.

पालकांनाही दोन शब्द. दरवर्षी निकालाच्या दिवशी शाळांतून पेढे वाटले जातात, शेकडा निकालाचा आकडा फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला जातो. ते योग्यच आहे, मेहनतीचे चीज झाले पाहिजे. परंतु पस्तीस गुणांच्या रेघेच्या अलीकडे राहिलेल्या मुलांच्या घरी त्या दिवशी कोण जाते? मुलगा असेल तर गॅरेजची किंवा गाडीची वाट दाखविली जाते. मुलगी असेल तर शिक्षण पुरे, आता स्थळ पाहा, असे ठरते. फेरपरीक्षेचा अर्ज भरायचा राहून जातो. एका विषयातील सहा सात गुणांची तूट आयुष्यभराचा बट्टा होऊन बसते. बंकिमचंद्रांना जे विद्यापीठाने दिले ते आपल्या मुलामुलींना निदान आपण द्यावे: पुन्हा एक संधी, आणि तोवर घरात सन्मानाची वागणूक. संस्थेच्या चालकांना माझी विनंती आहे की, निकालानंतरच्या आठवड्यात प्रत्येक अनुत्तीर्ण विद्यार्थ्याच्या घरी एक शिक्षक व एक सभासद यांनी जावे, फेरपरीक्षेचा अर्ज तेथेच भरून घ्यावा. खर्च काहीच नाही, एक चहाचा कप होईल, तोही त्या घरचा.

विद्यार्थी मित्रांनो, याचा अर्थ परीक्षा नको असा मात्र घेऊ नका. वाजवून न घेतलेले मडके उन्हाळ्यात दगा देते आणि न पारखलेला हकीम रोग्याचा जीव घेतो. परीक्षेला भिऊ नका, तिच्यासाठी मेहनत करा. दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत. आणि कधी रेघ फिकट उमटली तर एवढे ध्यानात ठेवा की कसोटीच्या दगडावर सोन्याचा एक कणच घासला जातो. बाकीचे सोने सोनाराच्या हातातच असते.

परीक्षक होण्याची पाळी उद्या तुमच्यावरही येईल. शिक्षक म्हणून, हकीम म्हणून, दुकानाच्या गादीवर, नाही तर घरात आईबाप म्हणून. त्या दिवशी वजन काचेचे वापरा, आणि हात ढिगाच्या आत घालून पाहा.